पाण्याची वाटणी आणि गावची शांतता



उन्हाळा लागला की ऊस विकास विभागाकडे उसाच्या तक्रारी कमी व पाण्याच्या जास्त येतात. कुणी रात्रीत बारे फोडले, कुणी पाळी चुकवली. बांधावरची बोलाचाली चावडीपर्यंत जाते आणि भाऊबंदकीत कायमची अढी बसते. ह्यावर नुसता उपदेश करून भागत नाही. म्हणून पुरंदर तालुक्यातील एका संस्थेचे काम सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात पुण्याचे कारखानदार कै. विलासराव साळुंखे यांनी खडी फोडणारी माणसे पाहिली. पुढे नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन कराराने घेऊन त्यांनी मृद व जलसंधारणाचे प्रयोग केले. ग्रामगौरव प्रतिष्ठान ही संस्था काढली व त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली.

तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, तर माणशी अर्ध्या एकरापुरते. एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. म्हणजे पाच माणसांच्या घरात दहा एकर जमीन असली तरी पाणी अडीच एकरांनाच आणि चार माणसांच्या घराला दोन एकरांना. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. उपसा योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभार्थींनी स्वतः भरायचा. पाणी सोडायला गटाने नेमलेला पाटकरी. आणि शेवटचा नियम: ऊस लावायचा नाही!

हे वाचून काही जण म्हणतील, साहेब, तुम्ही उसाचा माणूस, हे आम्हाला का सांगता? सांगतो ते मुद्दाम. आडसाली ऊस दीड वर्ष पाणी मागतो. जिथे पाणीच मोजके, तिथे एकाचा ऊस म्हणजे चौघांची ज्वारी वाळणे. तो नियम उसाच्या रागाने केलेला नाही, शेजाऱ्याच्या हिश्शासाठी केला आहे.

आपल्याकडे ऊस राहणारच. पण त्यातली गोष्ट घेण्यासारखी आहे. ज्याचा त्याचा हिस्सा आधी ठरला व सर्वांना माहीत असला, तर भांडणाला जागा कमी उरते. म्हणून उपसा सिंचन संस्थांनी पाळीची यादी फळ्यावर लावावी, शेवटच्या टोकाच्या सभासदाची पाळी आधी पक्की करावी. आपण पाचट जाळू नये, सरीत आच्छादन करावे. जमेल त्याने ठिबक करावे. टंचाईत एक आड एक सरी भिजवावी. वाचलेले पाणी मात्र नव्या लागणीला न नेता खालच्या शेताला जाऊ द्यावे. ही शेवटची गोष्टच अवघड आहे, हे मी जाणतो.

विलासराव २००२ साली गेले. पाणी कुणाच्या बापाचे नाही, असे आपण भांडताना म्हणतो. त्यांनी ते वाटणी करून दाखवले.

— ऊस विकास अधिकारी