आंत्र प्रत्यारोपणातील शुद्धिहरण

लहान आतड्याचा रक्तपुरवठा गुठळीने बंद पडल्यास किंवा आतड्याला पीळ पडल्यास त्याचा मोठा भाग कापून काढावा लागतो. उरलेले आतडे अपुरे पडल्यास नीलेवाटे पोषक द्रावणे देऊन रुग्णास जगविता येते. हा उपाय चालेनासा झाला म्हणजे दात्याचे आतडे बसविण्याचा विचार करतात. आर. सी. लिलेहाय यांनी १९६७ मध्ये असा प्रयत्न केला, परंतु तो यशस्वी झाला नाही. सायक्लोस्पोरीन व नंतर टॅक्रोलिमस ही औषधे उपलब्ध झाल्यावरच या शस्त्रक्रियेला खरे यश येऊ लागले.

शुद्धिहरणतज्ञापुढील पहिली अडचण नीलांची असते. ज्या पोषणाने रुग्ण जगला, त्याच्याच नलिकांमुळे मान व छातीतील मोठ्या नीला गुठळ्यांनी बुजलेल्या असतात. शस्त्रक्रियेत तर रक्त व द्रव वेगाने देता येणे अपरिहार्य असते. म्हणून कोणत्या नीला मोकळ्या आहेत, हे प्रतिमाचित्रणाने आधीच पाहून ठेवतात. दीर्घकाळच्या पोषणाने यकृत बिघडले असल्यास रक्त गोठण्याची क्रियाही मंदावते. आतडी फुगविणारा नायट्रस ऑक्साइड वायू टाळतात. नव्या आतड्यात रक्त सोडताच थंड, आम्लयुक्त व पोटॅशियमने भरलेले रक्त हृदयाकडे येते. रक्तदाब कोसळतो, कधी हृदयाचे ठोके अनियमित होतात. त्यासाठी कॅल्शियम व रक्तवाहिनी आकुंचक औषधे हाताशी ठेवतात. मात्र आकुंचकांचा अतिरेक रोपित आतड्याचाच रक्तपुरवठा तोडतो.

आतडे जंतूंनी भरलेले व प्रतिरक्षा पेशींनी समृद्ध असल्याने नंतरच्या काळात जंतुसंसर्ग व अस्वीकार या दोहोंचा धोका इतर अवयवांहून अधिक असतो. अस्वीकार दर्शविणारी खात्रीची रक्तचाचणी नाही. म्हणून पोटावर ठेवलेल्या आतड्याच्या तोंडातून वारंवार ऊतकाचे तुकडे काढून तपासतात. टॅक्रोलिमस मूत्रपिंडांस अपायकारक असल्याने द्रवांचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो.

दात्याची परिचर्याही याच शास्त्रात मोडते. मेंदू मृत झाल्यावर रक्तदाब ढासळतो आणि त्याची झळ आतड्याला लवकर लागते. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. अशा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाने दात्याचा रक्तदाब कसा सांभाळला, यावर दूरच्या शहरातील शस्त्रक्रियेचे यश अवलंबून राहू शकते. १९९४ च्या कायद्यानुसार मस्तिष्कमृत्यूची तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते. विदर्भातील अवयववाटपाचा समन्वय नागपूरचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र करते. बर्फात ठेवलेले आतडे मूत्रपिंडाइतका वेळ टिकत नाही. ते काही तासांतच रोपावे लागते.