मोत्याचें पाणी

गेल्या लग्नसराईंत आमच्या घरीं धाकटी सून आली. तिच्या माहेराहून आलेला मोत्यांचा सर पाहून थोरल्या वहिनी म्हणाल्या, "कल्चर्ड दिसतात, म्हणजे खोटेच!" सर निवाड्यासाठीं आमच्यापुढें आला, आणि या विषयाचें ज्ञान नसतां आम्हींही मान डोलाविली. सूनबाईंचें तोंड एवढेंसें झालें. पुढें वाचन केलें तेव्हां आमची चूक ध्यानांत आली.

स्वाती नक्षत्रावर पडलेला जलबिंदु शिंपल्यांत मोती होतो, ही भर्तृहरीनेंही योजिलेली कल्पना रमणीय खरी; परंतु सृष्टीचा क्रम निराळा आहे. शिंपल्यांतील जीवाला एक पातळ त्वचा असते. कवचाच्या आंतील झिलई तीच पाझरविते. या त्वचेच्या पेशी इजेमुळें किंवा परजीवी शिरल्यामुळें शरीरांत खोल गेल्या, तर तेथें त्यांची पिशवी बनते आणि तींत थरावर थर चढून मोती होतो. हा योग क्वचित् येतो. म्हणूनच नथींतले बसराई मोती दुर्मिळ.

संवर्धित मोत्यांत हाच योग मनुष्य जुळवून आणतो. जपानांत कोकिची मिकिमोतो यांनीं १८९३ सालीं अर्धगोल मोती मिळविला. पुढें मिसे व निशिकावा यांच्या शोधांनीं वाटोळा मोती साधला. कवचाचा कोरलेला मणी व दुसऱ्या शिंपल्याच्या त्वचेचा इवलासा तुकडा जिवंत शिंपल्यांत ठेवून तो पुन्हां समुद्रांत सोडतात. आपल्याकडे तुतिकोरिन येथें १९७३ सालीं डॉ. अलगरस्वामी यांनीं ही विद्या साध्य केली. चीनमधील गोड्या पाण्याच्या मोत्यांत तर बहुधा मणीही नसतो. सारांश, बीज मनुष्यानें पेरलें तरी मोती शिंपल्याचाच. खोटा तो, ज्यांत कांचेच्या वा प्लास्टिकच्या मण्यावर नुसता लेप असतो.

सर घेतांना तो दिवसाच्या उजेडांत, पांढऱ्या कापडावर पाहावा. आधीं पाणी पाहावें. मोत्यांत खिडकीचें प्रतिबिंब स्वच्छ उमटलें पाहिजे. खडूसारखा निस्तेज मोती घेऊं नये. मग भिंगानें वेज पाहावें. तेथें लेपाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर तो नकली समजावा. दांताच्या कडेवर हळूच घांसल्यास शिंपल्याचा मोती किंचित् खरखरीत लागतो, नकली बहुधा गुळगुळीत. सर पाटावर लोळवावा. हेलकावे खाल्ले तर गोलाई किंवा वेज सदोष. परंतु मोती नैसर्गिक कीं संवर्धित, हें दांत सांगत नाहीं. त्यास क्ष-किरणांची परीक्षा लागते. म्हणून बसराई सांगून कोणी मोठी किंमत मागितली, तर प्रयोगशाळेचा दाखला मागावा.

मोत्यांस अत्तर, आंबट पदार्थ व घाम बाधतो. सर सर्वांत शेवटीं घालावा, आधीं उतरावा आणि मऊ कापडानें पुसून ठेवावा.

सूनबाईंचा सर आम्हीं याच रीतीनें पुन्हां पाहिला. पाणी उत्तम होतें. सर्वांसमक्ष आम्हीं आपली चूक कबूल केली. थोरल्या वहिनी त्या वेळीं कांहींच बोलल्या नाहींत. मात्र मंगळागौरीच्या दिवशीं तो सर त्यांनींच सूनबाईंच्या गळ्यांत घातला.