‘येत नाही’ आणि ‘करत नाही’

चिठ्ठीत एका पालकांनी विचारलंय, ‘मुलगा सातवीत आहे. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आहे. पण स्वतःहून वहीच उघडत नाही. काय करावं?’

आधी एक भेद करू. ‘येत नाही’ वेगळं, ‘करत नाही’ वेगळं. आपली लिपीच बघा. ‘कि’ म्हणताना क आधी, इ नंतर. कागदावर मात्र वेलांटी आधी दिसते. ध-घ, भ-म जवळजवळ सारखे. आपल्याला हे जाणवतही नाही. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची मात्र ओळीओळीला दमछाक होते. एवढं करून ‘आळशी’ हेच ऐकायला मिळालं, तर ते प्रयत्न सोडणारच. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की काही केलं तरी त्रास थांबत नाही असा अनुभव आला, की पुढे सुटका शक्य असतानाही प्राणी धडपडत नाही. मूल म्हणजे कुत्रा नव्हे, पण ‘माझ्या करण्यानं काही होत नाही’ ही समजूत मुलांतही रुजते. ती मोडायची आहे.

‘शेजारी बसून अभ्यास घ्या’ हा सल्ला इथे चालत नाही. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरचे किती पालक पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री नऊला घरी येतात! म्हणून लगाम मुलाच्याच हाती द्यायला हवा, पण हळूहळू.

अभ्यासाचा तुकडा लहान करा. पाच गणितं पुरेत. किती वेळ लागेल, हा अंदाज मुलानंच आधी लिहायचा. संपल्यावर खरा वेळ लिहायचा. अडलं तर काय करायचं, तेही आधी ठरवायचं : उदाहरण पुन्हा बघायचं, नाहीतर खूण करून पुढे जायचं. रात्री तुम्ही ‘किती झालं?’ असं विचारू नका. ‘कुठे अडलास, मग काय केलंस?’ असं विचारा. शाबासकी त्या उत्तराला द्या.

अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. तेव्हा परीक्षेतल्या सवलती मागताना संकोच नको. ती मेहेरबानी नव्हे. पण जादा वेळ मिळाला तरी तो वापरायचा कसा, हे रोजच्या त्या पाच गणितांतच शिकावं लागतं.

पतंजलींच्या योगसूत्रांत ‘अभ्यास’ म्हणजे चित्त स्थिर राहावं म्हणून केलेला यत्न, आणि तो दीर्घकाळ, खंड न पडता करायचा. आपण या शब्दाचा अर्थ ‘धडा पाठ करणं’ एवढाच करून टाकला. मुलानं आज पाचांतली दोनच गणितं सोडवली, पण तिसऱ्याला कुठे अडलं ते नेमकं सांगितलं, तर आज अभ्यास झाला असं समजा. उद्या तिसऱ्यापासून सुरू करू द्या.