कॉम्प्युटरची पदवी आणि अकरावीचं गणित

अकरावीला बायोलॉजी सोडून कॉम्प्युटर सायन्सचा बायफोकल विषय घेतला की इंजिनिअरिंगच्या कॉम्प्युटर शाखेचा रस्ता सोपा होतो, असं पुष्कळ पालक धरून चालतात. हा विषय २०० गुणांचा आहे, त्यात सी++ची आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसरची ओळख होते. ज्याला गोडी आहे त्याने तो जरूर घ्यावा. पण सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये त्याचा एकही गुण धरला जात नाही. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात फिजिक्स आणि केमिस्ट्री प्रत्येकी ५० गुणांचे, तर गणित एकटं १०० गुणांचं असतं. प्रश्न तिन्ही विषयांना पन्नासच, मात्र गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. कॉम्प्युटरच्या जागेची चुरस अशी बरीचशी गणितावर ठरते. (आणि ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, त्या सत्रातले नव्वद टक्के परीक्षार्थी तेवढ्यावर किंवा त्याखाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.)

दुसरा गैरसमज अधिक महाग पडतो : इंजिनिअरिंग हुकलं तर बीसीए, बीबीए (सीए), बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीएस्सी आयटी ही एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं आहेत, कॉलेज जवळचं असलं म्हणजे झालं. नावांपेक्षा प्रवेशाच्या अटी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर फरक लगेच डोळ्यांत भरतो. पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला बारावी विज्ञान लागतं, आणि अभ्यासक्रमात गणित, सांख्यिकी, इलेक्ट्रॉनिक्स सोबत चालतात. त्याच विद्यापीठाची बीबीए (सीए) वाणिज्य शाखेतून वाढलेली. तिला कुठल्याही शाखेचा बारावी पास विद्यार्थी चालतो, आणि प्रोग्रॅमिंगच्या जोडीला व्यवस्थापन, अकाउंटिंग येतं. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीला बारावीचं गणित लागत आलं आहे, विज्ञान शाखाच हवी असं मात्र नाही. कॉमर्सला गणित घेतलेला विद्यार्थीही तिथे बसतो. २०२४ पासून बीसीए, बीबीएसाठी राज्याने वेगळी सीईटी सुरू केली. तिच्यात इंग्रजी, तर्कक्षमता, सामान्य ज्ञान आणि कॉम्प्युटरची प्राथमिक माहिती विचारतात. पीसीएमचा संबंध नाही. अट वाचली की तो अभ्यासक्रम विद्यार्थ्याकडून काय गृहीत धरतो, हे कळतं. गणिताची अट असेल, तर अल्गोरिदम, ग्राफ, संभाव्यता यांचा पाया मुलाकडे आहे असं समजून शिकवणी सुरू होते. अट नसेल, तर त्यांची खोलीही त्या मानाने कमी राहते. माझ्या मते यात उच्च-नीच काही नाही. कामं वेगळी, तयारी वेगळी.

यावर आक्षेप येतो की वेबसाइट किंवा ॲप बनवणाऱ्याला इंटिग्रेशन कधी लागतं? रोजच्या कामात बहुधा लागत नाही, हे मान्य करायला हवं. ज्याला तेवढंच काम करायचं आहे, त्याच्यावर गणित लादणं अन्यायाचं आहे. पण सोळाव्या वर्षी गणित सोडणारा मुलगा ‘मला तेवढंच करायचंय’ असं सहसा ठरवून सोडत नाही; तो फक्त नावडता विषय टाळतो. पुढे त्याला मशीन लर्निंगकडे वळावंसं वाटलं, तर मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह आणि संभाव्यता यांच्याशिवाय पहिलं प्रकरणही उलगडत नाही. एमसीए २०२०-२१पासून तीनाऐवजी दोन वर्षांचं झालं आहे. तिथेही गणिताची पार्श्वभूमी नसलेल्यांना पूरक अभ्यासक्रम करावा लागतो. सोडलेला विषय पंचविशीच्या आसपास असा परत गाठतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा : गणित एवढं मोलाचं असेल, तर बीई-बीटेकच करावं, बाकी सगळं दुय्यम. हेही खरं नाही. बीएस्सीनंतर एमएस्सी किंवा एमसीए करून एमटेककडे जाता येतं, आणि गेट परीक्षा विज्ञानाच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षातही देता येते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची गणित आणि संगणकशास्त्राची पदवी बीएस्सीच आहे. तिला जेईई लागत नाही, स्वतःची अवघड प्रवेश परीक्षा लागते. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन डेटा सायन्स पदवीलाही जेईईची सक्ती नाही. बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असावं लागतं, आणि चार आठवडे शिकवून मगच पात्रता परीक्षा घेतात. त्या चार आठवड्यांत शिकवलेल्या विषयांत एक गणित असतं, एक सांख्यिकी.