वंध्यत्वाचे उपचार आणि समुपदेशनाचे काम

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ हा कायदा जानेवारी २०२२ मध्ये अमलात आला. शरीराबाहेर गर्भधारणा घडवून आणणाऱ्या केंद्रांवर त्याने जी बंधने घातली, त्यांत समुपदेशनाचेही एक आहे. यशाची शक्यता किती, उपचारांचे फायदे-तोटे आणि खर्च काय, जुळ्या-तिळ्या गर्भधारणेसह धोके कोणते, हे उपचार घेऊ इच्छिणाऱ्या दांपत्याला किंवा स्त्रीला जाणकार व्यक्तीने समजावून सांगावे, असे हा कायदा सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही समुपदेशकाला स्थान होते, म्हणजे कागदावर ही कल्पना नवी नाही. व्यवहारात मात्र ही तरतूद पुष्कळदा खर्चाचा तपशील आणि संमतिपत्रावरील सह्या एवढ्यावरच उरकली जाते. आणि ज्यांच्यासाठी ती केली गेली त्या जोडप्यांनाही समुपदेशकाकडे नेमके काय मागायचे, याची स्पष्ट कल्पना नसते.

कोणतेही गर्भनिरोधक न वापरता नियमित शरीरसंबंध ठेवूनही बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ गर्भधारणा न होणे, ही जागतिक आरोग्य संघटनेने केलेली वंध्यत्वाची व्याख्या आहे. संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार प्रौढांपैकी सुमारे साडेसतरा टक्के लोकांना, म्हणजे साधारणपणे सहांपैकी एकाला, आयुष्यात केव्हा ना केव्हा हा अनुभव येतो. बीजवाहिन्या बंद असणे, बीज वेळेवर तयार न होणे, गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाले गर्भाशयाबाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिओसिस हा विकार, शुक्रजंतूंची संख्या किंवा हालचाल कमी असणे, अशी त्याची अनेक कारणे आहेत, आणि भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे बीजवाहिन्या बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोषाचा पूर्ण अथवा आंशिक वाटा असतो. काही जोडप्यांत तर सर्व तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य एरवी दिलासा देणारे असले, तरी या ठिकाणी तेच सर्वांत जड जाते, कारण ज्याला नाव नाही त्या दोषाचा शोध मग माणूस स्वतःच्या स्वभावात, भूतकाळात आणि नशिबात घेऊ लागतो.

या दुःखाचे स्वरूप इतर दुःखांपेक्षा निराळे आहे. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये समाजाची मान्यता न मिळालेल्या दुःखाची संकल्पना मांडली. ज्या हानीसाठी उघडपणे शोक करण्याची मुभा नसते, सांत्वनाला कोणी येत नाही आणि कोणताही विधी केला जात नाही, अशी हानी तिच्यात अभिप्रेत आहे. न झालेल्या मुलाचे दुःख या वर्णनात तंतोतंत बसते. त्याला दहावे-तेरावे नसते, रजा नसते, आणि ते एकदाच येऊन ओसरत नाही, तर पाळी आली की दर महिन्याला नव्याने समोर उभे राहते. दुसरीकडे महाराष्ट्रातील स्त्रियांच्या सामाजिक आयुष्याचे अनेक प्रसंग मातृत्वाभोवतीच गुंफलेले आहेत. डोहाळजेवणाचे बोलावणे, बारशाला पाळण्याजवळ उभे राहणे, सवाष्णीची ओटी भरताना दिला जाणारा आशीर्वाद, लग्नाच्या मांडवात दूरच्या नातलगांनी हसतहसत विचारलेले ‘गुड न्यूज कधी?’ अशा प्रसंगांपैकी एकही मुद्दाम दुखवण्यासाठी योजलेला नसतो, आणि त्यामुळेच त्यांवर रागावण्याचीही सोय उरत नाही. त्याखाली एक जुनी भीतीही आहे. मुंबई प्रांताचा १९४६ चा द्विभार्याप्रतिबंधक कायदा आणि त्यानंतर १९५५ चा हिंदू विवाह कायदा येईपर्यंत मूल नाही म्हणून हिंदू पुरुषाला दुसरी बायको करता येत असे. कायद्याने ते दार बंद केले, तरी घराघरांत ती धमकी, बोलून वा न बोलता, आजही जिवंत असते.

वंध्यत्वाचा मनावर होणारा परिणाम किती खोल असतो, हे मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलिस डोमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये केला. वंध्यत्वाला सामोऱ्या जाणाऱ्या स्त्रियांमधील चिंता व नैराश्य यांची पातळी कर्करोग किंवा उच्च रक्तदाबासारखे आजार असलेल्या रुग्णांइतकीच असल्याचे त्यांना आढळले. येथपर्यंत कोणाचे फारसे दुमत नाही. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. वंध्यत्वामुळे ताण येतो, हे मान्य करता करता ताणामुळेच मूल होत नाही, असे मानले जाते, आणि ‘टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल’ हा सल्ला सासरपासून दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षापर्यंत सर्वत्र ऐकू येतो. मानसशास्त्रज्ञ जॅकी बोइव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १४ अभ्यासांतील ३५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून तपासली, तेव्हा उपचारापूर्वीची चिंता किंवा नैराश्य यांमुळे त्या आवर्तनातील, म्हणजे उपचाराच्या त्या एका फेरीतील, गर्भधारणेची शक्यता कमी होत असल्याचे दिसले नाही. मानसिक आधाराने गर्भधारणेचे प्रमाण वाढते, असे सुचवणारे अभ्यासही आहेत. परंतु त्यांतील अनेकांची रचना पुरेशी काटेकोर नाही. म्हणूनच समुपदेशनाकडे गर्भधारणेचा आणखी एक उपाय म्हणून पाहणे घातक ठरते. त्यातून मन प्रसन्न ठेवण्याची नवी जबाबदारी स्त्रीवर येऊन पडते, आणि फेरी अयशस्वी झाली की त्या अपयशाचा दोषही तिच्याच रडण्याला दिला जातो. मूल होवो वा न होवो, त्या काळात माणसाला नीट जगता यावे आणि निर्णय शुद्धीवर राहून घेता यावेत, एवढेच समुपदेशनाचे काम आहे, आणि तेही काही लहान नाही.

ब्रिटनमध्ये या कामाची घडी लवकर बसली. जगातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ १९७८ च्या जुलैत तेथे जन्मले. १९८४ च्या वॉर्नॉक समितीच्या अहवालाने समुपदेशनाची शिफारस केली, आणि १९९० च्या कायद्याने ते उपलब्ध करून देणे बंधनकारक केले. तेथे समुपदेशनाचे तीन प्रकार मानले जातात. पहिल्यात निर्णयाचे दूरगामी परिणाम समजून घ्यायचे असतात, दुसऱ्यात उपचारांच्या काळात भावनिक आधार द्यायचा असतो, आणि तिसऱ्यात मनाची घडी विस्कटली असेल तर प्रत्यक्ष मानसोपचार करायचे असतात. प्रत्येक जोडप्याला तिन्हींची गरज असते असे नाही; पण कोणती गरज आहे हे ओळखणे, हे समुपदेशकाचे पहिले कौशल्य होय.

मानसोपचारांच्या पद्धतींपैकी एक मराठी वाचकांच्या विशेष परिचयाची आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवण्याचे श्रेय मुख्यतः कि. मो. फडके यांच्याकडे जाते. माणसाला अस्वस्थ करते ती केवळ घटना नव्हे, तर तिच्याविषयीची त्याची हटवादी धारणा, हे तिचे मूळ सूत्र आहे. ‘मला मूल व्हावे’ ही तीव्र आणि पूर्णपणे रास्त इच्छा आहे, तर ‘मला मूल झालेच पाहिजे, नाही तर माझे जगणे व्यर्थ आहे’ ही मागणी आहे. पहिलीतून दुःख येते, दुसरीतून खचून जाणे. कुशल समुपदेशक इच्छेला हात लावत नाही, मागणीची तेवढी उलटतपासणी करतो. हे काम नाजूक आहे, कारण ज्या स्त्रीला सारा समाज उठताबसता हीच मागणी ऐकवत असतो, तिला ती धारणा केवळ तिच्या मनाचा खेळ आहे असे सांगणे अन्यायाचे होईल. म्हणून पतीशी, आणि गरज पडल्यास सासू-सासऱ्यांशीही, स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय हे समुपदेशन सहसा पुरे होत नाही. उपचारांविषयी घरात कोणाला किती सांगायचे, कोणत्या समारंभाला जायचे आणि कोणता टाळायचा, निकालाचा फोन कोणी घ्यायचा, असल्या वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी आधी ठरल्या, तर पुढची पुष्कळ भांडणे टळतात.

पुरुषाकडे या सर्व व्यवस्थेचे सर्वांत कमी लक्ष जाते. वीर्यतपासणी ही सोपी आणि स्वस्त चाचणी असूनही अनेक घरांत ती स्त्रीच्या सगळ्या चाचण्या झाल्यावरच केली जाते, कारण प्रजननक्षमता आणि कामक्षमता यांची गल्लत करून वीर्यातील दोष हा पौरुषाचा दोष समजला जातो. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू करून लैंगिक जीवनाविषयी मराठीत स्वच्छपणे लिहायला आरंभ केला, त्याला आता शतक होत आले. तरीही शुक्रजंतू अजिबात नसल्याचा अहवाल हाती पडलेला पुरुष तो बहुधा कोणालाही दाखवत नाही, आणि दोष आपल्यात आहे असे बाहेर सांगण्याची पाळी पत्नीवर येते. एकच शुक्रजंतू थेट बीजात सोडण्याचे ‘इक्सी’ हे तंत्र १९९२ पासून उपलब्ध झाल्याने वीर्यात दोष असलेल्या अनेक पुरुषांना स्वतःचे मूल होऊ शकते. मात्र त्यासाठीची इंजेक्शने, सोनोग्राफी आणि भुलेखाली बीज काढण्याची प्रक्रिया हे सारे निरोगी असलेल्या पत्नीलाच सोसावे लागते. या विषमतेविषयी दोघांमध्ये उघड बोलणे होणे, हा समुपदेशनाचा एक अवघड पण अटळ भाग आहे.

दात्याचे बीज किंवा शुक्रजंतू वापरण्याचा प्रश्न आला की तो आणखी गुंतागुंतीचा होतो. भारतीय कायद्यानुसार अशा उपचारांतून जन्मलेले मूल त्या दांपत्याचेच मानले जाते आणि दात्याला त्याच्यावर कोणताही हक्क राहत नाही, त्यामुळे कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मुलाला हे कधी सांगायचे, सांगायचे की नाही, आणि आईवडिलांपैकी एकाशीच रक्ताचे नाते असल्याचे शल्य दुसऱ्याला पुढे बोचेल काय, यांची उत्तरे मात्र कायद्यात सापडत नाहीत. गर्भ रुजल्यानंतर हे प्रश्न विचारण्याला फारसा अर्थ उरत नसल्याने ते आधीच विचारले गेले पाहिजेत.

समुपदेशनाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे थांबण्याचा. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ऑगस्ट १९८६ मध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्माला येण्यापूर्वी बीजवाहिन्या बंद असलेल्या स्त्रीला बहुधा एका टप्प्यावर ‘आता काही करता येणार नाही’ हे उत्तर मिळत असे. ते क्रूर होते, पण ते उत्तर होते. आता नेहमीच आणखी एक फेरी शक्य असते, आणखी एक औषध असते, आणि थांबणे म्हणजे आपणच प्रयत्नांत कमी पडणे, अशी भावना होते. फेऱ्या किती आणि खर्च कुठवर, ही मर्यादा पहिल्या फेरीपूर्वीच ठरवावी, असे समुपदेशक सुचवतात, कारण अपयशाच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला निर्णय क्वचितच विचारपूर्वक असतो. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून हे उपचार मोफत सुरू झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु पैशाची मर्यादा नाहीशी झाली की मनाची मर्यादा ठरवणे अधिकच निकडीचे होते.

थांबण्यातील या विलंबाची एक व्यावहारिक किंमतही आहे. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार दोन वर्षांपर्यंतचे बाळ दत्तक घेण्यासाठी पती-पत्नींच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त असून चालत नाही, आणि नोंदणीनंतरची प्रतीक्षाही वर्षानुवर्षांची असते. उपचारांत दहा-बारा वर्षे घालवून चाळिशी ओलांडलेल्या जोडप्याला हे पुष्कळदा तेव्हाच कळते. अर्थात, दत्तक हा अयशस्वी उपचारांवरचा उतारा नव्हे. न झालेल्या मुलाचे दुःख पुरते भोगून झाल्याशिवाय दुसऱ्या मुलाकडे त्याच्या स्वतःच्या हक्काने पाहता येत नाही, म्हणून मधे काही काळ जाऊ देणे हिताचे असते. काही जोडपी मुलाविना जगण्याचा निर्णय घेतात, आणि त्यांनाही समुपदेशकाचा तितकाच उपयोग होतो, कारण हा निर्णय नातलगांना समजावून सांगणे इतर कोणत्याही निर्णयापेक्षा कठीण असते.

उपचार केंद्रातील समुपदेशक केंद्राचाच नोकर असल्याने पुढची फेरी करावी की नाही, या प्रश्नावर त्याचे मत पूर्णतः निःपक्षपाती असेलच असे नाही. शक्य असेल तेथे बाहेरील मानसशास्त्रज्ञाचा सल्ला घ्यावा. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर समुपदेशनावर न थांबता मनोविकारतज्ज्ञाकडे जावे, आणि वंध्यत्वाचे उपचार चालू असल्याचे त्याला आवर्जून सांगावे, म्हणजे गर्भधारणेच्या काळातही चालू ठेवता येतील अशीच औषधे त्याला निवडता येतील.