पाटीवरचं पाणी कुठे गेलं?

मुलांनो, परवा आमच्या घरी चोरी झाली. चोर भरदिवसा आला, माझ्या नातीच्या मांडीवरून माल घेऊन गेला आणि कुणाला दिसलासुद्धा नाही.

झालं असं, की छकुली ओसरीवर पाटी घेऊन बसली होती. पाढा चुकला म्हणून तिनं ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि वाळवण्यासाठी हवेत हलवू लागली. काळीभोर ओली पाटी कडेकडेनं फिकी होत गेली. मधला ओला ठिपका आधी पुरीएवढा होता, मग रुपयाएवढा झाला, मग मोहरीएवढा, आणि मग तोही गेला. छकुलीनं पाटी उलटून पाहिली. खाली फरशी कोरडी, तिचा फ्रॉकही कोरडा.

"आजोबा, पाणी कुठे गेलं?"

तिचा दादा आतून ओरडला, "त्यात काय एवढं? वाळलं!"

"वाळलं म्हणजे काय झालं रे?" मी विचारलं. दादा बाहेर आला आणि गप्प उभा राहिला. मी दोघांनाही जवळ बसवलं. म्हटलं, "चोर पकडायचा तर आपल्याला थेट समुद्रापर्यंत जाऊन यावं लागेल. चला."

पाण्याचा एवढासा थेंब म्हणजे अगणित बारीक कणांची गर्दी असते. या कणांना रेणू म्हणतात. ते इतके बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. आणि ते कधीच स्वस्थ नसतात. आता तुमची शाळा डोळ्यांपुढे आणा. सकाळी प्रार्थनेला सगळे रांगेत उभे असता, ज्यानं त्यानं आपली जागा धरलेली, फार तर जागच्या जागी चुळबुळ. ते झालं बर्फ. मधल्या सुट्टीत नळाशी झुंबड उडते, एकमेकांना खेटून पुढे मागे सरकता, पण घोळका सुटत नाही. ते झालं पाणी. आणि शेवटची घंटा झाली, की वाट फुटेल तिकडे धूम! ती झाली वाफ. मुलं तीच, शाळा तीच, फक्त वागणं वेगळं. बर्फ, पाणी आणि वाफ यांचं नेमकं तसंच आहे. रेणू तेच असतात.

पाटीवरच्या झुंबडीत काही रेणू जास्त जोरात धावत होते. कडेला पोचताच ते घोळक्यातून निसटले आणि हवेत मिसळले. त्यांच्यामागून दुसरे, त्यांच्यामागून तिसरे. पाटी हलवल्यामुळे वारा लागला, निसटलेले रेणू लांब गेले आणि मागच्यांना जागा झाली. म्हणून पाटी लवकर वाळली. याला बाष्पीभवन म्हणतात. त्यासाठी पाणी उकळावंच लागतं असं नाही. दोरीवरचं धोतर थंडीतसुद्धा वाळतंच.

"मग आपला माठ?" छकुलीनं विचारलं.

शाबास! मातीच्या माठातून पाणी बाहेर झिरपतं आणि त्याचं बाष्प होतं. जोरात धावणारे रेणू निघून जातात, जाताना उष्णता घेऊन जातात आणि संथ रेणू मागे राहतात. म्हणून माठातलं पाणी गार होतं. भर उन्हाळ्यात वीज नाही, यंत्र नाही, आणि तरी गार पाणी देणारी ही युक्ती आपल्या कुंभारांनी शेकडो वर्षांपूर्वी घरोघर पोचवली.

एवढ्यात स्वयंपाकघरातून चहाच्या किटलीचा आवाज आला. मी दोघांना घेऊन आत गेलो आणि लांबूनच दाखवलं. "तोटीच्या तोंडाशी नीट पाहा. अगदी लागून बोटभर जागा रिकामी दिसते ना? खरी वाफ तिथं आहे आणि ती दिसत नाही. त्यापुढे जो पांढरा लोट दिसतो, ती वाफ नव्हे. बाहेरच्या गार हवेत शिरल्यावर वाफेचे पुन्हा झालेले ते बारीक थेंब आहेत." दादानं लोटासमोर स्टीलची थंड ताटली धरली. ती क्षणात धुरकटली, मग तिच्यावर मोत्यासारखे थेंब जमले आणि ओघळले. गार वस्तूपाशी रेणू मंदावतात, एकमेकांना धरतात, पुन्हा घोळका होतो. हे सांद्रीभवन. उन्हाळ्यात थंड सरबताच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं, ते पेल्यातून झिरपलेलं नसतं. आपल्या आजूबाजूच्या हवेतलंच असतं.

म्हणजे चोर सापडला, मुलांनो. चोरलेला माल हवेत आहे. आता तो परत कसा येतो ते बघू.

आमचं घर वाईला, कृष्णेकाठी. पश्चिमेला डोंगर दिसतात, पसरणीचा घाट चढला की पाचगणी आणि तिच्यापुढे महाबळेश्वर. त्याच्याही पलीकडे कोकण आणि मग अरबी समुद्र. त्या अफाट पाटीवर ऊन रोज पडतं, आणि पाणी रोज निसटतं. जून महिन्यात नैर्ऋत्येचे वारे हे सगळं बाष्प ढकलत आपल्याकडे आणतात. त्यातलं पुष्कळसं तर विषुववृत्ताच्या पलीकडून, हिंदी महासागरावरून निघालेलं असतं. कोकण ओलांडून वारे येतात आणि समोर सह्याद्रीची भिंत! वर चढण्यावाचून वाट नाही. वर चढणारी हवा पसरते आणि पसरता पसरता गार होते. सायकलच्या चाकातली हवा सोडताना बोट धरून पाहा, ती गार लागते, तसंच हे. गार झालेल्या हवेतले रेणू धुळीच्या किंवा मिठाच्या एखाद्या अतिसूक्ष्म कणावर जमतात. असे असंख्य थेंबुकले म्हणजे ढग. ढगातले साधारण दहा लाख थेंबुकले एकत्र आले, की पावसाचा एक टपोरा थेंब होतो.

म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो सगळा एका हौदात साठवला, तर तीन आजोबा एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिले तरी बुडतील. आणि डोंगर उतरून आपण वाईला आलो, की एक हजार मिलिमीटरही होत नाही. अंतर म्हणाल तर एसटीनं तासाभराचं. डोंगर ओलांडताना ढगांनी झोळी रिकामी केलेली असते, आणि खाली उतरणारी हवा उबदार होते, तिच्यात ढग टिकत नाहीत. उंबऱ्याच्या एका बाजूला धो धो आणि दुसऱ्या बाजूला भुरभुर, ती यामुळे.

आता दोन बहिणींची गोष्ट ऐका. एका ढगातून दोन थेंब सोबत निघाले आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर हातभर अंतरावर पडले. तिथं कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्यांचं उगमस्थान मानलेलं पंचगंगेचं देऊळ आहे. एक थेंब पश्चिमेच्या उतारावर घसरला, सावित्रीत गेला. पोलादपूर, महाड करत तो थोड्याच दिवसांत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात पोचला. जिथून आली तिथंच पोर परतली!

दुसरा थेंब पूर्वेला कलंडला आणि कृष्णेत आला. खरं तर अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत ६५ किलोमीटरसुद्धा नाही, पण या पोरीच्या नशिबी लांबचं सासर. धोमच्या धरणात ती विसावली, वाईचे घाट पाहिले, कराडला कोयनेला भेटली, सांगलीवरून नरसोबाच्या वाडीला पंचगंगा नदीला भेटली. पुढे कर्नाटकात आलमट्टी, मग तेलंगण आणि आंध्र यांच्या सीमेवर नागार्जुनसागर, मग विजयवाडा, आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात. तिथं पुन्हा ऊन वाट पाहत होतंच.

"सगळे थेंब समुद्रात जातात?" दादानं विचारलं.

नाही रे. काही जमिनीत मुरतात आणि आपल्या आडात येतात. काही उसाच्या मुळांनी वर ओढले जातात आणि पानांवरच्या बारीक छिद्रांतून बाष्प होऊन परत हवेत जातात. वर गेलेलं बाष्प सरासरी आठ-दहा दिवस हवेत राहतं आणि कुठं ना कुठं खाली उतरतं. याच फेऱ्याला जलचक्र म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात मी मुलांना पहाटे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर नेलं होतं. रात्र निरभ्र होती, वारा नव्हता. अशा रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते आणि थंड, जड हवा सखल जागी साठते. तलावाकाठचं गवत पांढरंफेक झालं होतं. स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडांवर, गाडीच्या टपावर बारीक हिमकण चमकत होते. छकुलीनं बोटानं एक उचलला, तो बोटावरच वितळला आणि थेंब झाला. थोड्या वेळानं सूर्य वर आला, थेंबही गेला. बर्फ, पाणी, वाफ, तिन्ही रूपं तिनं पाच मिनिटांत एका बोटावर पाहिली. काही हिमकण तर पाणी न होताच थेट बाष्प होतात. कपाटातल्या डांबरगोळ्या तशाच झिजतात. याचं नाव संप्लवन.

बर्फाची आणखी एक गंमत. कवायतीत सर "एक हात अंतर घ्या" म्हणतात ना? पाणी गोठताना रेणू तसेच अंतर राखून उभे राहतात. म्हणून गोठलेल्या पाण्याला जागा जास्त लागते, गच्च भरलेली बाटली फ्रीजरमध्ये फुटते आणि बर्फ पाण्यावर तरंगतो. थंड मुलखातल्या तळ्यांत बर्फाचं झाकण वरच राहतं आणि त्याखाली मासे जगतात.

आता शेवटचं, आणि हे नीट लक्षात ठेवा. घरी एका ताटलीत मिठाचं पाणी उन्हात ठेवा. दोन दिवसांनी पाणी गेलेलं असेल, मीठ तसंच असेल. शिरोड्याच्या मिठागरात हेच करतात. ऊन फक्त पाणी उचलतं. मीठ, चिखल, साबण, रंग, काहीच सोबत नेत नाही. म्हणून तर खाऱ्या समुद्रातून आलेला पाऊस गोड असतो.

आणि गोडं पाणी आहे तरी किती? पृथ्वीवरचं सगळं पाणी १५ लिटरच्या १०० बादल्यांत भरलं, तर सुमारे ९७ बादल्या खारट. उरलेल्यांतल्या दोनाच्या आसपास बर्फ. राहिलेलं बहुतेक जमिनीखाली. जगातल्या साऱ्या नद्या आणि गोड्या पाण्याची तळी मिळून जेमतेम चहाचा एक कप भरेल.

छकुली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे घाटावर लोक निर्माल्याची पिशवी टाकतात, ती ऊन उचलत नाही?"

नाही, बाळा. ती पिशवी कराडकडे जाते, सांगलीकडे जाते, कुणाच्या तरी कपात जाते. पाणी वर जातं, गाळून येतं, पुन्हा येतं. त्यात टाकलेली घाण मात्र वर जात नाही, ती इथंच राहते. तेव्हा मुलांनो, नदीत काही टाकू नका, आणि कुणी टाकत असेल तर त्याला पाटीवरच्या पाण्याची ही गोष्ट सांगा.