विजेला गोदाम नसते : सौर वीज, ग्रीड आणि आमचे माग

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातील एका दुपारी आम्ही ओळखीच्या एका कारखानदाराच्या गाळ्यावर कोरा माल पाहण्यास गेलो होतो. खाली चोवीस माग आणि वर स्लॅबवर नव्याने बसविलेले सौर पॅनेल. कर्ज काढून हे काम केलेले, म्हणून मालक मोठ्या हौसेने आम्हास ते दाखवीत होते. इतक्यात लाईन गेली. खडखडाट थांबला आणि चोवीसच्या चोवीस माग जागीच उभे राहिले. बाहेर ऊन तर रणरणत होते! "सेठ, सूर्य डोक्यावर आणि कारखाना बंद! मग आम्ही एवढा पैसा घातला कशासाठी?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. कापडाचा भाव आम्हास कळतो, विजेचा स्वभाव कळत नव्हता.

लाईन पावणेदोन तासांनी आली. नुकसान केवळ वेळेचे झाले नाही. मध्येच थांबलेला माग पुन्हा चालू होतो तेव्हा कापडावर आडवी पट्टी उमटते. कोऱ्या कापडात ती सहसा नजरेस येत नाही, रंगाईनंतर मात्र लपत नाही. त्या लॉटमधील काही तागे पुढे आमच्याकडे परत आले. तूट कोणी सोसायची यावर बोलाचाली झाली आणि शेवटी निम्मी त्यांनी, निम्मी आम्ही सोसली. त्या दिवसापासून हा विषय आम्ही मनावर घेतला. जाणकार इंजिनियरांना भेटलो, जमेल तेवढे वाचले. जे समजले ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

पॅनेल बंद का पडले?

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जे पॅनेल बसतात ते 'ऑन-ग्रीड' असतात. त्यांचा इन्व्हर्टर ग्रीडच्या विजेची चाल पाहून स्वतःची चाल ठरवितो. ग्रीड थांबले की तोही त्याच क्षणी थांबतो. हा बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. लाईन बंद आहे असे समजून वायरमन खांबावर चढलेला असतो. त्याच वेळी आमच्या छतावरून वीज तारेत उतरली तर त्या बिचाऱ्याचा जीव जाईल. म्हणून हा नियम योग्यच आहे.

लाईन गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीसह 'हायब्रीड' किंवा 'ऑफ-ग्रीड' व्यवस्था घ्यावी लागते. तिचा हिशेब वेगळा आहे. समजा, एका मागाला एक अश्वशक्तीची मोटर आहे. चोवीस मागांचा पूर्ण भार सुमारे १८ किलोवॉट झाला. दोन तास माग चालवायचे तर ३६ युनिट साठविणारी बॅटरी हवी. शिवाय चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे इन्व्हर्टरही दणकट लागतो. हा खर्च प्रत्येकाला झेपणारा नाही. विकणारा माणूस या गोष्टी आपणहून सांगत नाही आणि आम्ही विचारीत नाही. तात्पर्य एवढेच की, साधे पॅनेल बिल कमी करते, लाईन आणीत नाही.

तयार होताच खपणारा माल

मग खरा प्रश्न ग्रीडचा झाला. ती लाईन जातेच का? आणि सौर वीज वाढल्यावर ती जास्त जाईल की कमी?

आम्ही व्यापारी माणसे. बाजार मंद असला की तागे गोदामात ठेवतो, तेजी आली की काढतो. विजेच्या तिजारतीत ही सवलत नाही. विजेला गोदाम नसते. या क्षणी देशात जेवढी वीज वापरली जाते तेवढीच याच क्षणी तयार व्हावी लागते. हा तोल जमला की नाही हे फ्रिक्वेन्सीवरून कळते. आपल्या देशात ती सेकंदाला ५० आवर्तने आहे आणि ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान ती ठेवावी असा ग्रीडचा नियम आहे. खप वाढला आणि उत्पादन अपुरे पडले की ती उतरते. नव्वदच्या दशकात ती ४९ च्याही खाली जात असे हे जुन्या लोकांना आठवत असेल. आकडा कोणी पाहिला नसेल, पण मागाने तो दाखविला होता. मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवर चालतो. मिनिटाला १६० पिक मारणारा माग ४८.५ वर १५५ च मारतो. दिवसभरात कापड कमी भरायचे आणि बोल मात्र विणकराला लागायचा!

तोल पार सुटला तर काय होते ते ३० व ३१ जुलै २०१२ रोजी देशाने पाहिले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही ग्रीड कोसळली आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशात अंधार झाला. आपले पश्चिम ग्रीड त्यातून बचावले. त्या काळी देशात सौर वीज नाममात्र होती, तेव्हा तो दोष पॅनेलच्या माथी मारता येत नाही. तारांवर झेपेल त्यापेक्षा अधिक भार टाकला गेला, हे त्यामागचे मोठे कारण होते.

तारांचे महत्त्व किती आहे याचा दुसरा दाखला तर आपल्या अंगणातला आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व ठाण्याची वीज गेली, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. बिघाड होता भिवंडी तालुक्यातील पडघ्याहून कळव्याकडे येणाऱ्या वाहिन्यांत. म्हणजे वीज होती, पण ती आणणारा रस्ता तुटला होता. माल तयार आहे आणि घाट बंद आहे, अशी ती गत!

दुपारी भरती, संध्याकाळी ओहोटी

आता सौर विजेकडे येऊ. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. ३० मे २०२४ च्या दुपारी देशाची मागणी सुमारे अडीच लाख मेगावॉट या विक्रमी आकड्यावर पोचली, तेव्हा या उन्हाच्या विजेने मोठा हात दिला. मात्र सूर्य कोणाच्या ऑर्डरवर चालत नाही. दुपारी वीज ओसंडून वाहते आणि दिवेलागणीला, घराघरांत दिवे, पंखे व टीव्ही सुरू होतात तेव्हा नेमकी ती संपते. त्या दोन-तीन तासांत हजारो मेगावॉट दुसरीकडून उभे करावे लागतात. कोळशाचे केंद्र इतक्या झटपट वर-खाली होत नाही.

यावर पहिला इलाज म्हणजे निरनिराळ्या विजा एकत्र बांधणे. मालेगावच्या शेजारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. तेथे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. पावसाळ्यात ढगांमुळे ऊन कमी होते, पण वारा त्याच महिन्यांत सर्वांत जोरदार असतो. एकाची मंदी ती दुसऱ्याची तेजी. दुसरा इलाज दूरदूरचे प्रदेश जोडणे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर वाहिनीने दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशाच्या ग्रीडशी एका तालावर आले. आता नाशिकवर ढग असले तरी राजस्थानचे ऊन कामी येऊ शकते, तार मजबूत असेल तर.

मोठ्या चाकाचा धडा

मागाचे मोठे चाक आपण रोज पाहतो. मोटरचा झटका कमी-जास्त झाला तरी ते चाक आपल्या वजनाच्या जोरावर फिरत राहते आणि धोटा पलीकडे पोचतो. ग्रीडमध्ये हे काम कोळशाच्या व पाण्याच्या केंद्रांतील प्रचंड फिरते जनित्र करते. कोठे धक्का बसला तर त्याच्या फिरण्याच्या जोरावर काही सेकंदांची सवड मिळते. सौर पॅनेलला मात्र चाकच नाही.

ऑस्ट्रेलियातील दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्याला हा धडा महागात पडला. २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळाने तेथील विजेचे मनोरे आडवे केले. व्होल्टेज वारंवार दबले. पवनचक्क्यांच्या यंत्रणेत अशी बसवणूक होती की ठरावीक झटक्यांनंतर त्यांनी आपणहून सुटावे, आणि त्या तशा सुटल्या. सारा भार शेजारच्या राज्यातून येणाऱ्या वाहिनीवर पडला, तीही तुटली आणि संपूर्ण राज्य अंधारात गेले. पुढे त्या लोकांनी पवनचक्क्या मोडीत काढल्या नाहीत. त्यांची बसवणूक बदलली. २०१७ च्या अखेरीस १०० मेगावॉटची मोठी बॅटरी बसविली, जी क्षणार्धात वीज सोडते. त्यानंतर इंधनाविना नुसती फिरत राहणारी, मोठ्या चाकाचे काम करणारी यंत्रे उभी केली. आज त्या राज्यातील दोन तृतीयांशाहून अधिक वीज वारा व उन्हाची आहे. पॅनेल वाढविणे हे अर्धे काम झाले. त्यांना सांभाळणारी व्यवस्था उभी करणे हे उरलेले अर्धे, आणि तेच कठीण आहे.

आपल्या देशातही याची एक परीक्षा झाली. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालविण्याचे आवाहन पंतप्रधानांनी केले होते. मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने कोसळली आणि लगेच पुन्हा वर आली. ग्रीड टिकले. कारण जलविद्युत केंद्रांनी निम्म्याहून अधिक घट आपल्या अंगावर घेतली. पाण्याची केंद्रे मिनिटांत कमी-जास्त करता येतात.

पाण्याचे गोदाम

विजेला गोदाम नसते असे आम्ही म्हटले. पाण्याला मात्र असते. भिवंडीला लागून असलेल्या शहापूर तालुक्यात चोंढे येथे खालचे धरण आणि वर घाटमाथ्यावर अकोले तालुक्यात घाटघरचे धरण, असा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून आहे. वीज मुबलक असते तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे, टंचाईच्या वेळी तेच खाली सोडून वीज घ्यायची. चार युनिट घातले तर साधारण तीन परत मिळतात. हा घाटा कोणत्याही गोदामाच्या भाड्यासारखा समजावा. अशी धरणे आणि बॅटऱ्या जितक्या लवकर वाढतील तितकी दुपारची वीज संध्याकाळच्या पाळीला उपयोगी पडेल.

आणखी एक स्वस्त उपाय आहे. वीज पुढे नेण्याऐवजी कामच दिवसा आणायचे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली ती याच विचाराने. शेतकऱ्याने रात्री साप-विंचवात पाणी द्यायला जाण्याऐवजी पंप दिवसा उन्हाच्या विजेवर चालवावा.

आम्ही काय करावे?

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार दराचे तत्त्व घातले. दिवसातील आठ सौर तासांत दर नेहमीपेक्षा १० ते २० टक्के कमी, गर्दीच्या तासांत जास्त. नेमके तास व दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो. म्हणून प्रथम आपले बिल वाचायला शिकावे. त्यात वेळेचे रकाने आहेत का, आपला किती वापर कोणत्या रकान्यात जातो हे पाहावे. माग दोन पाळ्यांत चालतात हे खरे, पण कांडी भरणे, भीम भरणे, पाण्याचा पंप ही कामे दिवसा उरकता येतात.

पॅनेल घेण्यापूर्वी चार गोष्टी लेखी घ्याव्यात. लाईन गेल्यावर हे चालेल की नाही? दिवसाला किती युनिट मिळतील? (एका किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात.) गाळ्याचे पत्रे हा भार पेलतील का? आणि ग्रीडला दिलेले युनिट कोणत्या वेळेच्या वापरातून वजा होतील? मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी छतावर तयार झालेली सगळी वीज बाहेर जाते, म्हणून शेवटचा प्रश्न तेथील बांधवांनी विशेष लक्ष देऊन विचारावा.

जे एकट्याला झेपत नाही ते जमातीने करावे. यंत्रमागधारकांच्या संघटना सुताच्या भावासाठी आणि वीज सवलतीसाठी निवेदने देतात, ती द्यावीतच. सोबत हेही मागावे की आमच्या वस्तीतील फीडर व ट्रान्सफॉर्मर सुधारा, तेथेच सामाईक बॅटरी बसवा आणि लाईन बंद ठेवायची असेल तर आगाऊ कळवा. आधी कळले तर माग नीट थांबविता येतो आणि पट्टीचा माल वाचतो. आयोग दर ठरविण्यापूर्वी जाहीर सुनावणी घेतो. तेथे बोलण्याचा हक्क चार मागवाल्यालाही आहे, पण आमची खुर्ची रिकामी असते.

आमच्या त्या कारखानदार मित्राचे पॅनेल अजूनही लाईन गेली की बंद पडते. आता ते चिडत नाहीत. बिल घटले आहे, कांडी मशीन दिवसा चालते. परवा शेजारचा एक तरुण मागवाला पॅनेलचा सौदा ठरवायला निघाला होता. त्याला थांबवून त्यांनी स्वतःच विचारले, "भाई, लाईन गेल्यावर काय होईल, हे विचारलेस का?" हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी त्यांना कोणी विचारला असता तर आमचे काही तागे वाचले असते.